यंत्राला दिलेलं आवतण

रॉकेलचा वास आला की मला पुरणपोळीच आठवते. इंग्रजांच्या काळात, आमगावला वडिलांनी मागची वाडी नांगरायला रॉकेलवर चालणारं दोन चाकांचं यंत्र आणलं आणि बैलजोडी मामाकडे पाठवली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गड्याने बैलांच्या खांद्याला लावायचं हळद-तूप यंत्राच्या दांड्यांना चोळलं आणि म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी मी पुरणपोळीचं ताट घेऊन यंत्रापाशी गेले, पण घास कुठे द्यायचा? "याचं तोंड कोणतं?" मी विचारलं. गड्यालाही कळेना. वडील हसले, "अरे, लोखंड आहे ते!" "आवतन देलं ना मालक, आता उपाशी कसं ठेवू?" वडिलांचं हसू थांबलं. ताटाचं पुढे काय झालं, आठवत नाही. तिकडे आमच्या बैलांना कोणी आवतण दिलं होतं का, हे सांगायला आता कोणीच उरलं नाही.