नऊ फुटांवरचा जावई

उंचीवर माझा राग नाही, कमी उंचीवर आहे. साठ फुटांवर चढणारा माणूस चार वेळा खाली बघतो, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो आणि मग पाय टाकतो. नऊ फुटांवर चढणारा मात्र मोबाइल कानाला लावून चढतो. एकवीस वर्षं क्रेन चालवतोय, दोन्ही जातींची माणसं पाहिलीत. त्यातल्या दुसऱ्या जातीत मी स्वतःही येतो, खोटं कशाला बोलू.

आमच्या यार्डात तयार खोल्या बनतात. भिंती पत्र्याच्या, आतून फळ्या, खिडक्या, दिवे, पंखे सगळं जागच्या जागी. कुणी ऑफिस म्हणून नेतो, कुणी शाळेचा वर्ग म्हणून. आम्ही त्यांना केबिन म्हणतो. केबिन तयार झाली की मी ती क्रेननं उचलून ट्रेलरवर ठेवतो. पण उचलायची तर छपराच्या चार कोपऱ्यांत चार कड्या असतात आणि त्यांत साखळीचे चार हुक अडकवायला माणूस वर पाठवावा लागायचा. छप्पर जमिनीपासून नऊ फूट. ‘नऊ फूट म्हणजे काय उंची!’ असं मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे म्हणायचे.

एक बाई सोडून. त्या आमचं स्टोअर सांभाळतात. हातमोजे, बूट, स्क्रू, सिलिकॉनच्या नळ्या, सगळं त्यांच्या ताब्यात. आधी त्या गणवेश शिवायच्या कारखान्यात होत्या. तो बंद पडला, बाई इकडे आल्या, पण गळ्यातली टेप काही उतरली नाही. म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना टेपबाई म्हणतात, तोंडावर नुसतं बाई. पहिल्याच आठवड्यात मी दहा नंबरचे हातमोजे मागितले, तर बाईंनी माझा पंजा हातात धरून मापला आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमचा नऊ आहे. सैल मोजा मशिनमध्ये ओढला जातो.” मी बराच वाद घातला. नऊचाच बसला.

छपरावर चढायचा तो त्यांचा जावई. एकुलत्या एक मुलीचा नवरा. बाईंनीच मालकाकडे शब्द टाकून त्याला कामाला लावलं होतं, त्यामुळे यार्डात आल्या दिवसापासून तो सगळ्यांचा जावई झाला. ट्रेलरचे ड्रायव्हरसुद्धा “ओ जावई, जरा इकडे या” म्हणून हाक मारायचे. बाई मात्र भर यार्डात “जावईबापू, इथे सही करा” म्हणायच्या आणि तो लाजून सही करायचा. अंगानं काटकुळा, पण छपराच्या कडेनं असा चालायचा की जणू रस्त्यानं चाललाय. मी साखळी सोडली की तो तिच्याकडे न बघता झेलायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, पण तो उतरेपर्यंत लिव्हरवरचा हात मी हलवायचो नाही. कारण त्याच्या पायाखालची केबिन माझ्या हुकाला असायची.

मग एका हॉस्पिटलची ऑर्डर आली, छत्तीस केबिनची. त्यांची अट होती, छपरावर जाणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षेचा पट्टा हवाच. मालकांनी बारा नवे कोरे पट्टे आणले. खांदे, छाती, मांड्या सगळीकडून आवळणारे, पाठीवर कडी, कडीला सहा फुटांची दोरी. दोरीच्या मध्ये घडी घालून शिवलेलं एक पाकीट असतं. माणूस पडला की ते टराटरा उसवत जातं आणि हिसका कमी बसतो. जावयानं पट्टा चढवला तर नवरदेवासारखा दिसायला लागला. मालकांनी फोटो काढून हॉस्पिटलला पाठवले आणि विषय संपला असं समजून हात झटकले.

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसच्या दारात उभ्या. मी तिथेच होतो.

“साहेब, हे पट्टे केबिनवर चालणार नाहीत.”

“का? चांगल्या कंपनीचा माल आहे.”

“माल उत्तमच आहे. अशी शिलाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. पण वर बांधायला जागा काय, तर पायापाशी असलेली कडी. दोरी सहा फूट. पाकीट उसवतं साडेतीन फूट. पाठीच्या कडीपासून टाचेपर्यंत जावईबापू पावणेपाच फूट. झाले सव्वाचौदा. आणि आपलं छप्पर नऊ फुटांवर. पट्टा धरायला लागेल तोवर माणूस खाली पोचलेला असेल.”

मालक हसले. “बाई, कागदावर सगळेच पडतात.”

जावई बाहेरच उभा होता. “आई, मी काय आज पहिल्यांदा चढतोय का?” तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “सासूबाई, पदरालाच बांधून ठेवा की त्यांना!” सगळे खो खो हसले. मीही हसलो. जावयाचे कान लाल झाले.

बाई हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. दुपारी त्यांनी दोन पोती एकावर एक शिवून माणसाएवढी केली आणि जावयाच्या वजनाइतकी वाळू भरली. आम्ही चौघांनी ते धूड शिडीनं वर चढवलं. जावयानं स्वतःच्या हातानं पट्टा आवळला, कडीला दोरी बांधली आणि “बघाच आता” म्हणत पोतं ढकललं. धप्प! पोतं खडीवर उभंच्या उभं आदळलं, आडवं झालं, फुटलं आणि वाळू बाहेर आली. आदळलं तेव्हा दोरी अजून ढिलीच होती. पाकिटाचा एकही टाका उसवला नव्हता.

आता तुम्हाला वाटेल, सगळ्यांचे डोळे उघडले असतील. छे! जावई वरूनच म्हणाला, “मी काय पोतं आहे का? पोत्याला तोल नसतो, मला आहे.” आणि लोकांनी माना डोलावल्या. बाईंनी ते पट्टे कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“उंच कामाला मागाल तेव्हा देईन. केबिनवर देणार नाही.”

“मग काय, पट्ट्याविना चढवू त्यांना?” मालकांचा आवाज चढला.

“चढवायचंच कशाला?”

माणूस न चढवता हुक कसे लावायचे, ते मात्र बाईंनाही अजून सुचलं नव्हतं. मालक म्हणाले, “शनिवारी पहिला ट्रेलर लागतोय. तोवर उत्तर आणा, नाहीतर कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे द्या.”

चहाच्या वेळी बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. कप हातातच राहिला. म्हणाल्या, “किल्ली गेली तर जाऊ दे, भाऊ. पण त्यांना इथे मी आणलंय. पोर रोज विचारते, आज कुठे चढले होते? मी म्हणते, नऊच फूट गं, काय घेऊन बसलीस. तीन वर्षं पोटच्या पोरीशी खोटं बोलतेय मी.” सकाळी आपण हसलो होतो, एवढंच आठवत राहिलं.

दोन दिवस जावई सासूशी बोलला नाही. सही करायचा तीही दुसरीकडे बघत. घरीही अबोला, घास मोजून खायचा आणि उठायचा, असं बाईंना मुलीनं सांगितलं. त्याचंही चुकत नव्हतं. यार्डात त्याच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं आणि चारचौघांत त्याची तुलना वाळूच्या पोत्याशी झाली होती.

गुरुवारी बाईंनी त्याला स्टोअरमध्ये बोलावलं. मी हातमोज्यांचं निमित्त करून आधीच जाऊन बसलो होतो. टेबलावर बुटांचा रिकामा खोका, चार टाचण्या आणि दोऱ्याचं रीळ. बाई म्हणाल्या, “जावईबापू, वर जाऊन तुम्ही नेमकं काय करता, ते मला कधी कळलंच नाही. मला शिकवा.”

शिकवा म्हणणारी सासू मी तरी पहिल्यांदाच पाहिली. जावयानं आधी खोका उलटापालटा करून बघितला. मग त्यानं खोक्याच्या चार कोपऱ्यांत टाचण्या खोचल्या, दोरे बांधले आणि हळूहळू रंगात आला. साखळी कुठून येते, वारा असला की कोणता कोपरा आधी धरायचा, साखळीला पीळ पडला तर तो कसा काढायचा. बाई मधूनमधून विचारायच्या, “हे वरच का करावं लागतं?” तो म्हणायचा, “कडी वर आहे म्हणून.” तिसऱ्यांदा तेच विचारल्यावर तो थांबला. दोऱ्याचं एक टोक टाचणीला बांधलं आणि दुसरं खोक्याच्या बाजूनं खाली सोडलं.

“कडी वरच राहू दे,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “छप्पर जमिनीवर बनतं, तेव्हाच कडीत वजन उचलायचा एक पट्टा अडकवायचा. तो कोपऱ्यातून खाली लोंबत ठेवायचा, छातीपर्यंत. मग क्रेनचा हुक खालीच उभं राहून लावता येईल...”

“आणि तिकडे उतरवल्यावर?” मी विचारलं. “पट्टे छपरावर पडतील ते?”

“फळं काढायची आकडी असते ना? लांब काठीची. तिनं खाली ओढायचे. जमिनीवरून.”

मी उत्साहानं म्हणालो, “बाई, मग पट्टे तुम्हीच शिवून टाका!”

“तीन टनांची खोली टांगायला मी शिवू? मी गणवेश शिवलेत, भाऊ. डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?” बाई अशा कडाडल्या की मी पुढचं वाक्य गिळलं.

जावई मात्र खोक्याकडे बघत बसला होता. त्याला आपण काय बोलून गेलो ते आता कळलं होतं. “आई, असं केलं तर वर कुणी लागणारच नाही. मग माझं काय?”

बाईंनी त्याला खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, “ते मला माहीत नाही. पण तुम्ही धडधाकट असलात तर आपण दोघं मिळून शोधू.” त्यानं टाचण्या पुन्हा घट्ट खोचल्या, दोरे गुंडाळले. मग खोका काखेत मारून सरळ मालकांच्या ऑफिसात गेला.

शनिवारचा ट्रेलर मंगळवारी गेला. मालकांनी बोलावलेल्या इंजिनिअरनं सगळं तपासलं, वजनाचा शिक्का असलेले पट्टे मागवले, मालक तीन दिवस करवादले आणि हॉस्पिटलच्या माणसानं ते उचलणं पाहून आपल्या साहेबाला फोन लावून ‘चालेल’ म्हणून कळवलं. मी पहिल्यांदाच छपरावर कुणी नसलेली केबिन उचलली. हात हलके झाल्यासारखे वाटले. किल्ली बाईंकडेच राहिली. जावयाला आता मालक प्रत्येक नव्या ठिकाणी पाठवतात, तिथल्या लोकांना ही पद्धत शिकवायला. वरचा माणूस गेला, मास्तर आला. पहिले काही दिवस त्याला करमत नव्हतं, छपराकडे बघत राहायचा.

एक काम मात्र वरच राहिलं. दोन केबिन जोडल्या की मधल्या फटीतून पाणी गळू नये म्हणून सिलिकॉन भरायला छपरावर जावंच लागतं. त्यासाठी इंजिनिअरनं छपराच्या मधोमध लांबीला एक तार बसवली. तारेवर सरकणारी कडी, कडीला आखूड दोरी. किती आखूड, ते बाईंनी ठरवलं. त्यांनी यार्डात जमिनीवर खडूनं छप्पर आखलं आणि जावयाला पट्टा घालून त्यावर रांगायला लावलं. “हात पुढे. अजून. आता मागे सरका. उभे राहा.” सगळं यार्ड गोळा झालं. जावई सासूपुढे रांगतोय, असा तमाशा पुन्हा थोडाच बघायला मिळणार! पण या वेळी जावईही हसत होता. बाईंचं सांगणं एकच, “पडल्यावर धरायचं नाही. पडायच्या जागेपर्यंत जाऊच द्यायचं नाही.” फटीपर्यंत हात पोचेल, पण कडेपर्यंत पाय पोचणार नाही, असं माप त्यांनी काढलं आणि तशा दोऱ्या कंपनीकडून मागवल्या.

चार महिने गेले. एका सकाळी पत्र्यावर दव होतं. मी क्रेनमध्ये बसून दुसरी केबिन हलवायच्या तयारीत होतो. बाहेर कुठे शिकवायला जायचं नव्हतं, म्हणून जावई यार्डातच वर जोडणीची फट भरत होता. काम संपवून तो उठला, कंबर सरळ केली, एक पाऊल मागे टाकलं आणि त्याचा पाय सटकला. पाठीवर आपटून तो सरळ कडेकडे घसरत गेला. मी ओरडलो, पण काचेआडून कुणाला ऐकू येणार? दोरी ताठ झाली. तो थांबला. टाचा कडेपासून वीतभर आत होत्या.

तो थोडा वेळ तसाच पडून राहिला, आकाशाकडे बघत. मग उठला, तारेला धरून शिडीपर्यंत आला आणि एकेक पायरी मोजत उतरला. मी क्रेन बंद करून त्याच्या मागे पळालो. तो स्टोअरमध्ये गेला, पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला.

“आई, याला ओढ बसली.”

ज्या पट्ट्याला एकदा ओढ बसली तो पुन्हा वापरायचा नसतो. कुणी चुकून घालू नये म्हणून कापून टाकायचा असतो. बाईंनी खण उघडला. मोठी कात्री घेतली आणि खांद्याचा पट्टा कापायला लागल्या. पट्टा जाड आणि ढिला, कात्री नुसती घसरत होती. जावयानं पट्ट्याची दोन्ही टोकं ताणून धरली, तेव्हा कुठे तो कापला गेला. बाईंचे डोळे घळाघळा वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. माझेही वाहत होते, लपवण्यात काय अर्थ आहे?

“आई,” जावई हळूच म्हणाला, “हिला काही सांगू नका. घाबरेल.”

“मी कशाला सांगू?” बाई म्हणाल्या. “सांगायला तुम्ही आहात की!”

हे ऐकलं आणि इतका वेळ ताठ उभा असलेला तो गडी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो रडून मोकळा होईपर्यंत तिथून काढला नाही.