भावाची नागीण

माझ्या धाकट्या भावाला नागीण झाली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, डिचोलीकडे खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती. मी कोरगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो.

डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत फोडांची रांग उठली होती. नागिणीचं तोंड आणि शेपूट अंगाभोवती मिळाली की माणूस गेला, हे आमच्याकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्याला लाटंबार्सेच्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. त्याने दोन्ही टोकांना लाल कावेच्या रेघा ओढल्या, काहीतरी पुटपुटला आणि मासे बंद करायला सांगितलं. कावेची वाटी मी धरली होती. मनात हसत होतो, पण धरली होती.

तालुक्याच्या डॉक्टरांनाही दाखवलं होतं. ते म्हणाले, एवढ्या तरुण वयात नागीण म्हणजे एकदा रक्त तपासा. तोवर फोड सुकत आले होते. भावाने मला विचारलं, "दादा, नागीण मिळाक नाय मां? मगे रगात कित्याक तपासूचा?"

"नको तर नको," मी म्हणालो. सहामाहीचे पेपर तपासत होतो, मान वर केली नाही.

दोन वर्षांनी खोकून खोकून तो निम्मा झाला. मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं तर एचआयव्ही निघाला. त्यावर तेव्हा धड औषध नव्हतं. घरी आम्ही टीबीच सांगत राहिलो.

एक तरुण डॉक्टर खाटेपाशी उभा राहून मला समजावू लागला. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून बसतो. रक्तातल्या टी पेशी त्याला वर येऊ देत नाहीत. त्यांतल्या काही टी पेशी रोगट पेशींना मारतात, काही बाकीच्यांना कामाला लावतात. एचआयव्ही नेमका या कामाला लावणाऱ्या पेशींत शिरतो. त्या कमी झाल्या की आधी नागीण उठते, मग टीबी गाठतो. नागिणीच्या वेळीच कळलं असतं तर निदान टीबी इतका पसरू दिला नसता, असं तो म्हणाला. पांढऱ्या पेशी मी दरवर्षी फळ्यावर काढत होतो.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"शेती."

लाज वाटली असावी. नक्की सांगता येत नाही, त्या दिवसांत मला कसलंच काही नीट वाटत नव्हतं.

भावाने उशीवरून मान उचलली. त्याला माझा फार अभिमान. "शेती खंयची, डॉक्टर? दादा सायन्साचो मास्तर आसा. तेकाच विचारून मी ती तपासणी सोडलंय."

मी भावाची चादर सारखी करू लागलो. ती सारखीच होती.