दिव्यांवरची काळी पट्टी

सकाळचा दुसरा चहा गाळून झाला होता. दूध ओट्यावर निवत होतं, धुण्याचं मशीन आत थडथडत होतं आणि कानसेन टेबलाशी पेपर उघडून बसले होते. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, भिंतीवर, दाराची बेल होती. चिमणीसारखी चिवचिवणारी. ती वाजली. त्यांनी पान उलटलं. पुन्हा वाजली. त्यांनी चहाचा घोट घेतला. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा आत बटाटे चिरणाऱ्या त्यांच्या बायकोने सुरी खाली ठेवली, पण हात पुसून ती बाहेर येईपर्यंत कुणीतरी दारच ठोठावलं.

दारावर थाप पडल्याबरोबर कानसेन ताडकन उठले. "बेल लावलीय ना मेली? तरी लोकांना दार बडवायची हौस!"

दारात शाळेच्या मोठ्या बाईंची लेक उभी होती. केस नीट विंचरलेले नव्हते. हातातला मोबाइल तिने छातीशी धरला होता.

"काका, बेल वाजवली मी. तीनदा वाजवली."

"मग सेल गेले असतील. अगं, त्या बेलचे सेल बदल गं जरा!"

बायको पुन्हा बटाट्यांकडे वळली. सेल तिनेच परवा बदलले होते.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेच्या सभागृहात उभा जन्म आवाजाची जबाबदारी सांभाळणाऱ्या माणसाला लोकांनी कौतुकाने दिलेलं नाव, आणि ते त्यांना असं चिकटलं की घरी येणारी पत्रिकासुद्धा कधीकधी त्याच नावाने येई. कौतुक खोटं नव्हतं. भरल्या हॉलच्या शेवटच्या रांगेत उभं राहून ते सांगत, डाव्या बाजूच्या वरच्या स्पीकरचा पडदा उसवलाय. उतरवून पाहिला तर खरंच उसवलेला असे. माइकवर कुणी दोन वाक्यं बोललं की म्हणत, या गृहस्थांना उद्या सर्दी होणार. बायको बघायला गेले तेव्हाही घरी परतताना आईला एवढंच म्हणाले होते, "मुलीचा आवाज चांगला आहे. काही कमीजास्त करावं लागणार नाही." लग्नानंतर बायको हे वाक्य सगळ्यांना हसून सांगे. अलीकडे सांगत नव्हती.

बाईंची लेक खुर्चीच्या कडेवर बसली. पाण्याला हात लावला नाही.

"काका, शनिवारच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तुम्ही दिलंत ना, त्यात काहीतरी झालंय. दुसरी प्रत आहे का तुमच्याकडे?"

शनिवारचा कार्यक्रम कुणी विसरणार नव्हतं. मोठ्या बाईंच्या घशाचं दुखणं बळावलं होतं आणि कार्यक्रमानंतर नऊ दिवसांनी, सोमवारी, त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. त्यानंतर आवाज नाही. हे कळलं तशी जुनी मुलंमुली कुठून कुठून गोळा झाली आणि सगळ्यांनी मिळून त्यांना एकदा बोलतं केलं. बाईही बोलल्या, अगदी वर्गात बोलत तशा. "आता तुम्ही बोला, मी गप्प ऐकते," त्या म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं उलटं चाललं होतं." हॉल हसता हसता रडला होता.

"घरात आईचा आवाज म्हणून एवढंच राहणार आहे हो," लेक म्हणाली. "माझ्या लग्नाच्या व्हिडिओत आहे ती. पण त्यात सगळीकडे एकच. जेवलात का, जेवून घ्या, जेवलात का."

बोलता बोलता ती हसली, आणि हसू अर्ध्यातच राहिलं.

तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. कानसेननी कान पुढे केला आणि लगेच हात झटकला. "छे छे, एवढ्याशा डबीतून काय ऐकणार! आण इकडे." त्यांनी ते आपल्या कपाटातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं, खुर्ची मधोमध ओढली, डोळे मिटले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पहिल्याच वाक्याला तिच्या अंगावर काटा आला. बाईंचा आवाज होता, शब्दही कळत होते, पण प्रत्येक शब्दाची कड फाटलेली. बाई जोरात बोलल्या की जाड कापड टरकावं तसं व्हायचं. आणि नेमक्या ज्या वाक्यांना हॉल हसला होता, ती वाक्यं म्हणजे तर नुसती खरखर.

कानसेन मान डोलावत होते.

"काय खणखणीत!" ते म्हणाले. "छान तर आहे. काय झालंय याला?"

लेकीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदराने कोरडेच हात पुसले.

"काका, तो... फाटतोय ना आवाज."

"फाटतोय? कुठे फाटतोय?" त्यांनी दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. मग ते एकदम मोठ्याने बोलू लागले. "तरी मी म्हटलं होतं, नवं यंत्र बसवू नका. जुनं काय वाईट होतं? ठीक आहे, दुपारी हॉलवर जातो, मूळ रेकॉर्डिंग तिथेच आहे. तू काळजी करू नकोस, पोरी."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "मी येते बरोबर."

"तू काय करणार तिथे?" पण जरा थांबून तेच म्हणाले, "चल. माइकवर बोलायला कुणीतरी लागेलच."

दुपारी हॉल रिकामा होता. खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या. मागच्या बाजूला काचेआड कानसेनची खोली, एका माणसाला पुरेल आणि दुसऱ्याला अडचण होईल एवढी. टेबलावर माइकचे आवाज जुळवायचा जुना मिक्सर, आणि त्याच्या शेजारी ते नवं यंत्र. दिसायला पुस्तकाएवढी चपटी काळी पेटी. माइकचा आवाज आधी हिच्यात शिरायचा, आत त्याचे आकडे व्हायचे, आणि मग तो स्पीकरला आणि रेकॉर्डिंगला जायचा. पेटीला बटणं बरीच होती, पण मुख्य दोनच. एक, आवाज आत किती घ्यायचा याचं. दुसरं, बाहेर किती सोडायचा याचं.

पेटी बसवायला आलेला कारागीर बजावून गेला होता, की काका, जुन्या मिक्सरचा काटा तुम्ही तांबड्यात नेत होतात, तिथे ते खपत होतं. इथे खपणार नाही. डोक्यावर मोकळी जागा ठेवा. माणूस हळू बोलतो तेव्हा नाही, ओरडतो तेव्हा मापा. आत येतानाच आवाज छताला आपटला तर त्याचं डोकं छाटलं जातं, मग बाहेर कितीही कमी करा. आणि ते कळावं म्हणून पेटीवर एक ओळभर दिवे होते. हिरवे, पिवळे, टोकाला एक लाल.

ते दिवे आता दिसत नव्हते. कानसेननी त्यांच्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. अंधाऱ्या हॉलमध्ये डोळे मिचकावणारं यंत्र समोर कशाला? आवाज डोळ्यांनी बघायचा असतो का? असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला हसत हसत विचारत.

त्यांनी मूळ रेकॉर्डिंग लावलं. हॉलच्या चारही भिंतींतून बाई बोलू लागल्या.

"बघ. हे कसं आहे, स्वच्छ!"

"तसंच आहे," बायको म्हणाली.

"तसंच म्हणजे?"

तिने एकदा श्वास घेतला. "फाटलेलं."

"तुला काय कळतं गं आवाजातलं?"

हे ते तिला आजवर कधी म्हणाले नव्हते. मिठातलं, पैशातलं, पोरांच्या अभ्यासातलं काय काय तिला कळत नाही हे सांगून झालं होतं, पण आवाजातलं कधी नाही. ती वळली आणि स्टेजवर जाऊन माइकसमोर उभी राहिली.

काचेआडून त्यांचा आवाज आला, "बोल."

"काय बोलू?"

"घरी काय कमी बोलतेस? तेच बोल."

"गॅसवाला आला नाही," तिने सुरुवात केली. "मोरीचा नळ गळतोय. चादरी इस्त्रीला द्यायच्यात..." तिचा आवाज हॉलभर नीट पसरला. त्यांनी काचेआडून हात वर केला. अजून मोठ्याने. "आपल्या धाकटीचा फोन आला होता. तुम्ही घेतला नाहीत म्हणाली..."

"अजून! बाई काय असं कुजबुजल्या होत्या का?"

आणि मग काय झालं कोण जाणे. सकाळपासून, खरं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"तुम्हाला बेल ऐकू येत नाही!" ती म्हणाली. "धाकटीच्या पोरीचं बोलणं कळत नाही, म्हणून तुम्ही तिच्याशी फोनवर बोलत नाही! ती रडते! मी किती दिवस सांगतेय, डॉक्टरकडे चला, डॉक्टरकडे चला! आणि तुम्ही माझ्यावरच ओरडता!"

शब्द चारही भिंतींवरून परत आले ते चिंध्या होऊन. स्वतःचाच आवाज असा टरकलेला ऐकून ती दचकली आणि तिने तोंडावर हात धरला. काचेपलीकडे कानसेन तसेच उभे होते. ती काय बोलली ते त्यांना कळलं होतं, त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण ते स्पीकरकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आवाजात काय बिघडलं ते त्यांना तिच्या चेहऱ्यावरून समजत होतं.

मग ते वाकले. नखाने उकरून त्यांनी काळी पट्टी ओढून काढली.

"बोल," ते म्हणाले. आता अगदी हळू.

"काय?"

"तेच. मघासारखं."

मघासारखं आता कुठून येणार! तरी तिने जोर करून बेलचं, नळाचं, चादरींचं पुन्हा सांगितलं. काचेआड त्यांच्या हनुवटीखाली लाल उजेड पडला आणि पडूनच राहिला. त्यांनी आत घ्यायचं बटण हळूहळू मागे फिरवलं. लाल लुकलुकायला लागला, विझला. ती बोलतच होती. पिवळाही आता मधूनमधूनच लागू लागला. तेव्हा कुठे त्यांनी हात काढला.

"आता?"

"आता नीट आहे."

"आणि मघाशी?"

"मघाशी फाटत होतं."

ते खुर्चीवर बसले. ती स्टेजवरून उतरून, खुर्च्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत आली, तोवर ते त्या दिव्यांकडेच बघत होते.

"मला दोन्ही सारखंच ऐकू आलं गं," ते म्हणाले.

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

शनिवारी काय केलं ते मग त्यांनी तिला सांगितलं, तुटक तुटक. बाई आधी माइक तपासायला आल्या तेव्हा घसा जपून बोलत होत्या. त्यांच्या बोलण्याला धारच येईना. म्हणून कानसेननी आत घ्यायचं बटण वाढवलं, अजून वाढवलं. हॉल दणाणायला लागला तसं बाहेर सोडायचं कमी केलं. मग बरोबर वाटलं. "धार होती गं आवाजात," ते म्हणाले. "माझ्यापर्यंत पोचत नव्हती."

"यातून काही दुरुस्त नाही का होणार?"

"जे आत येतानाच छाटलं गेलं, ते कुठून आणू?"

घरी जायच्या ऐवजी ते बाईंच्या घराकडे वळले. ती म्हणाली, आधी फोन करू या, लेकीला सांगू, मी सांगते हवं तर. ते नाही म्हणाले. रस्ता ओलांडताना मागून सायकलची घंटी किणकिणली, तेव्हा तिने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पुढचा सगळा रस्ता तिचा हात धरून चालले.

मोठ्या बाई खिडकीशी आरामखुर्चीत होत्या. गळ्याभोवती मऊ रुमाल. डॉक्टरांनी सोमवारपर्यंत घसा वापरू नका म्हणून सांगितलं होतं, पण बाईंना गप्प बसवणं डॉक्टरांच्याही हातात नव्हतं. कानसेनना बघून त्यांचे डोळे चमकले आणि त्या काहीतरी कुजबुजल्या.

कानसेननी सवयीने मान हलवली, हसलेसुद्धा. मग हसू आवरलं.

"बाई, मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

बायकोने पटकन सांगितलं, "बाई विचारतायत, कानसेन, माझा आवाज कुठे सांडून आलात?"

"माझ्या हातूनच सांडला, बाई," ते म्हणाले. "यंत्र चांगलं आहे. सकाळी मी त्याच्यावर ढकललं, ते खोटं. मी आवाज जास्त आत घेतला. इशाऱ्याचे दिवे होते, ते मीच झाकून ठेवले होते. आणि फाटत होता तो मला ऐकू येत नव्हता. अजूनही येत नाही. सकाळी तुमच्या लेकीने लावून दाखवला, तेव्हा मी छान म्हणालो."

लेक दाराशी उभी होती. तिचा चेहरा आधी तांबडा झाला, मग डोळे भरून आले. "काका, पण आता कसं?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी तिला बोलू नका म्हटलंय. कालपासून ताप आहे अंगात. आणि ते सगळं, तो हॉल, ती माणसं, ते आता पुन्हा कुठून येणार?"

"ते नाही येणार," कानसेन म्हणाले.

बाईंनी लेकीला हातानेच थांबवलं. मग भुवया उंचावून त्यांनी कानसेनकडे पाहिलं, वर्गात एखाद्याला उत्तर सुचेपर्यंत थांबत तशा.

कानसेन जरा पुढे सरकले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, ते त्यांनी एकमेकांत गुंफले.

"बाई, उद्या मी माइक घेऊन येतो. भाषण नको. इथेच बसून, लेकीशी बोलल्यासारखं, झेपेल तेवढंच बोला. चार वाक्यं झाली तरी चालतील. दिव्यांकडे मी बघेन. ऐकायला माझ्या बायकोला बसू द्या."