काचेबाहेरचा काटा

"मी प्रेशर देतो. पाय त्यांचा."

हे म्हणताना माझ्या शेजारचा गॅरेजवाला उजवं पाऊल चपलेतून बाहेर काढायचा आणि जमिनीवर हलकेच दाबून दाखवायचा, जणू तिथं ॲक्सिलरेटर आहे. मग पाऊल पुन्हा चपलेत, की विषय संपला. त्यानं टर्बो बसवलेली गाडी कोणी भाताच्या खाचरात घातलेली असो, नाहीतर कोणाचा खुबा मोडलेला असो, त्याचं उत्तर एवढंच. मला त्या पावलाची किळस यायची.

खालापूरच्या बाजूला जुन्या हायवेला लागून आमचे दोन गाळे होते. एकात माझं झेरॉक्सचं आणि बॅनरचं दुकान, दुसऱ्यात त्याचं गॅरेज. मधली भिंत एका विटेची. त्याचं गिऱ्हाईक काय बोलतं ते मला ऐकू यायचं आणि माझ्या मशीनची घरघर त्याला. माझं मशीन एका सिलिंडरवर चालतं, असं त्याचं मत होतं. त्याचं वय पन्नाशीच्या जरा अलीकडचं. घरची भातशेती भाऊ बघायचा. कायम एकच निळा शर्ट घालतो असं वाटावं, असे चार निळे शर्ट त्याच्याकडे होते.

त्याची गिऱ्हाइकं तुम्ही या भागात राहत असाल तर तुम्हीही पाहिली असतील. बापाची जमीन फार्महाऊसला गेली, मुलानं जुनी पेट्रोल गाडी घेतली, मागच्या काचेवर गावाचं नाव काचेपेक्षा मोठं लिहिलं, आणि आता तिला टर्बो हवा. रविवारी ती घाटात न्यायची आणि व्हिडिओ काढायचा. वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली बाई असेल तर तिनं कठड्याला चिकटायचं, कारण रस्ता यांचा. या प्रकाराविरुद्ध मी पत्रक काढलं आणि नाक्यावर वाटलं. आठवड्यानं पाहिलं तर त्याच पत्रकांनी तो हाताचं ऑइल पुसत होता.

"कागद चांगला हाय गं तुझा," तो म्हणाला. "शोषून घेतो."

आता त्याच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं, आणि कोंबलेल्या हवेच्या विरोधात ते आत शिरायचं तर त्याचं प्रेशर हवेच्या पुढेच राहायला हवं. ते मागे पडलं की इंजिन आतून तापतं आणि पिस्टन वितळतो. तो टर्बोची हवा कमीच ठेवायचा. पण कमी हवेतसुद्धा पेट्रोलचं प्रेशर तो असं सांभाळायचा, जसं घरातलं तान्हं मूल. "हवेनं एक पाऊल टाकलं, की पेट्रोलनं दोन टाकायची," असं तो गिऱ्हाइकाला समजवायचा. समोरचा तेव्हा फोनमध्ये असायचा.

प्रेशर बघायचं गेज तो गाडीच्या आत कधी घ्यायचा नाही. बॉनेटमधून रबरी नळी बाहेर काढायची, गेज वायपरखाली अडकवून काचेवर चिकटपट्टीनं बसवायचं आणि आतून काट्यावर नजर ठेवून चढ चढायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "नळी फुटली तर पेट्रोल काचेवर उडंल. मांडीवर नको." असं गेज लावून चढावर नेल्याशिवाय त्याच्या गॅरेजमधून एकही टर्बोची गाडी सुटली नाही. मंत्र्याचा भाचा बाहेर हॉर्न वाजवत असला तरी नाही.

आणि त्याची खरी चीड होती ती आपल्याकडच्या एका सवयीवर. गाडीला टर्बो, खिशात महागडा फोन, आणि पंपावर जाऊन टाकायचं शंभरचं पेट्रोल. तळाशी घोटभर पेट्रोल घेऊन घाटाच्या वळणाला लागलं की ते टाकीत एका बाजूला सरकतं, पंप नुसती हवा ओढतो आणि ऐन जोरात प्रेशर पडतं. जळालेले तीन पिस्टन त्यानं फळीवर मांडून ठेवले होते. नव्या गिऱ्हाइकाला तो ते दाखवायचा आणि अर्धी टाकी भरून ये, मगच हात लावतो, म्हणायचा. पिस्टनची एवढी काळजी करणारा माणूस माणसांबद्दल बोलायची वेळ आली की चपलेतून पाय काढायचा. यापेक्षा ओंगळ काही मी पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या तोंडावर तसं म्हणालेही होते. त्यानं मला चहा सांगितला.

एका दुपारी एक बाई आली. कर्जतकडच्या गावातली, अंगणवाडीत मदतनीस. तिच्या नवऱ्याच्या गाडीला त्यानं महिन्यापूर्वी टर्बो बसवला होता. आधी ती माझ्या दुकानात शिरली, आधार कार्डाची एक प्रत घेतली, आणि रस्त्यावर कोणी ओळखीचं नाही हे बघून मग गॅरेजमध्ये गेली.

तिचं म्हणणं एवढंच होतं की टर्बो काढा. नवरा रविवारी घाटात जातो आणि चार वर्षांच्या मुलीला पुढच्या सीटवर बसवतो. गाडी ओढ घेते तेव्हा पोरगी खिदळते, आणि ते व्हिडिओत छान दिसतं म्हणून.

"मालक तो हाय," तो म्हणाला. "त्यानं सांगितल्याबिगर मी कसा काढू? मी प्रेशर देतो, बाय. पाय—"

"भाऊ, पाय त्यांचा हाय, ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "पोर माझी हाय."

भिंतीपलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिनं आवाज खाली घेतला. मी इथं आले होते हे त्यांना कळलं तर मला घरात ठेवायचे नाहीत, एवढं ऐकू आलं.

दोन दिवसांनी त्यानं त्या नवऱ्याला फोन करून गाडी मागवली. महिन्याची तपासणी असते, फुकट असते, असं सांगितलं. अशी तपासणी त्यानं आजवर कोणाची केली नव्हती. तो माणूस गाडी टाकून मित्रांबरोबर जेवायला गेला आणि हा बॉनेटमध्ये वाकला.

मी जाऊन उभी राहिले. तो टर्बोतली स्प्रिंग बदलत होता. आता टर्बो नावाला फिरणार होता, हवा लवकर बाहेर सुटणार होती. पण हवा कमी केली आणि पेट्रोल तसंच ठेवलं तर काळा धूर निघतो आणि लबाडी उघडी पडते. म्हणून पेट्रोलचं प्रेशरही त्याला त्याच मापानं खाली आणायचं होतं. रेग्युलेटरचा स्क्रू जरासा फिरवायचा, गेज काचेवर, चढावर जाऊन यायचं, पुन्हा जरासा. सारी दुपार हेच चाललं. सुरुवातीची ओढ त्यानं तशीच ठेवली आणि वरचा जोर काढून घेतला.

मी म्हणाले, हे फसवणं झालं. त्या माणसाला तोंडावर सांगा, पोलिसांत चला, मी येते बरोबर. दुसऱ्या वीस गाड्यांचं काय, त्या पळतच राहणार का?

"सगळ्यांच्या बायका आल्या नाय ना," तो म्हणाला आणि स्क्रूवर नट आवळला.

हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

तीन-चार रविवार निघून गेले. मग मित्रांच्या गाड्या त्या नवऱ्याला चढावर मागे टाकू लागल्या. भिसेगावच्या एका गॅरेजवाल्यानं आपलं गेज लावून बघितलं आणि त्याला सांगितलं, तुझं प्रेशर कोणीतरी पाडलंय.

नवरा चौघांना घेऊन गॅरेजवर आला. एकानं आधीच फोन उभा धरला होता. मी दारात होते. शिव्या लिहीत नाही, तुम्ही ऐकलेल्याच आहेत. कोणी सांगितलं होतं हे करायला, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं असावं. आवाज एकदम खाली आला. "कोणी आलं होतं का इथं? घरचं?"

खरं काय ते मला ठाऊक होतं. ते बोललं असतं तर पुढे घरी काय झालं असतं तेही. मी गॅरेजवाल्याकडे पाहिलं.

त्याचे दोन्ही पाय चपलेत होते. त्यानं हात पुसले आणि फोनकडे बघतच म्हणाला, "कोण येतंय इथं? गेज न लावता सोडली मी तुझी गाडी. चुकलं माझं. काम येत नाय मला तेवढं."

ते हसले. एकानं फळीवरचा पिस्टन उचलून त्याच्या पायाशी टाकला. पुन्हा वाढवून दे, असं नवरा म्हणाला. यानं मान हलवली. माझ्याच्यानं जमणार नाय, म्हणाला, दुसरीकडं बघ.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ खोपोलीपासून कर्जतपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होता. खाली हसण्याची चित्रं. ज्यांच्या गाड्या त्यानं जळण्यापासून वाचवल्या होत्या, त्यांनीही ती टाकली. आपल्या लोकांचा इतका तिटकारा मला त्याआधी आला नव्हता. मी त्याला म्हणाले, निदान आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना तरी खरं सांगा. तो म्हणाला, "तू सांगशील, मग तो ऐकंल, मग ती घराबाहेर." आणि चुलीसारखा तापलेला माझा चेहरा बघून पुन्हा चहा सांगितला.

दिवाळीनंतर त्यानं गाळा सोडला. मोहोपाड्याला कुठल्याशा कंपनीच्या बसेस बघतो, असं कळलं. तिथं सगळ्या डिझेलच्या, पेट्रोलचं प्रेशर बघायचं कामच नाही.

परवा ती बाई आली. मुलीच्या शाळाप्रवेशाच्या प्रती काढायला. शेजारचं शटर बंद बघून तिनं विचारलं, भाऊ कुठं गेले. व्हिडिओ तिनं पाहिला होता. नवऱ्यानंच जेवताना दाखवला होता आणि तिला वाटलं होतं, त्याच्या हातून खरंच चुकलं. मी सगळं सांगितलं.

ती रडली नाही. प्रतींच्या कडा जुळवत राहिली.

"ह्यांनी भिसेगावात परत वाढवून घेतलंय," ती म्हणाली. "आता मी कोणाकडं जाऊ, ताई?"

टेबलावर माझ्या नव्या पत्रकांचा गठ्ठा होता. तिनं तो जपून बाजूला सरकवला, कागद पिशवीत घातले, आणि रिक्षा येईपर्यंत त्या बंद शटरसमोर सावलीत उभी राहिली.