खरवडमास्तरांचा राग

खरवडमास्तरांना चकाकणाऱ्या गाडीचा राग येत असे. जुन्या गाड्यांचा गंज काढून त्यांना नवा रंग देणं हा ज्याचा धंदा, त्यानं चकाकी बघून तोंड वाकडं करावं, हे विचित्रच. पण दारात एखादी तुकतुकीत जुनी गाडी आली, की ते तिच्या रंगाकडे ढुंकूनही पाहत नसत. सरळ जमिनीवर आडवे होऊन खाली शिरत, आणि तिथून आवाज येई, "कोणं मारला हा रंग? त्याले आणा इथं! माह्यासमोर उभा करा!"

मास्तर जाऊन आता वर्ष होईल. शाळेशी त्यांचा संबंध नव्हता. ‘आधी खरवडा, मंग बोला’ हे त्यांचं पालुपद, म्हणून हे नाव पडलं. जुना रंग, पुट्टी, गंज सगळं खरवडून पत्रा पांढरा होईपर्यंत ते पुढचा डबा उघडत नसत. मग गंज खाणारं ॲसिडचं पाणी, पुसणं, वाळवणं, आणि त्याच दिवशी प्रायमर. "उघडं लोखंड रातभर ठेवलं तर सकाळी लाल होते," म्हणत. एखाद्या गिऱ्हाइकानं कौतुकानं त्या पत्र्यावरून हात फिरवला, तर त्याची धडगत नसे. "हात मांगं घ्या! घामानं जंग धरते!" नागपूरच्या मे महिन्यात ते सकाळी नऊच्या आत प्रायमर मारून मोकळे होत आणि पावसाळ्यात डब्याला हातही लावत नसत. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आमच्या बाबांची अँबॅसिडर मनीषनगरच्या घरी टिनाखाली बारा वर्षं उभी होती. दादाच्या मुलीचं, रेवतीचं, लग्न ठरलं आणि तिनं हट्ट धरला, की सासरी जाईन तर आजोबांच्या गाडीतून. दादा आणि मी गाडी मास्तरांकडे नेली. त्यांनी मागची मॅट उचलली, पेचकस टेकवला आणि नुसता दाबला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

"चार महिने लागतील. खालचा पत्रा कापून नवा जोडा लागते."

"लग्न महिन्यावर आहे," दादा म्हणाला. "वरून चांगला रंग मारून द्या. एका दिवसापुरती चालली म्हणजे झालं."

"बसणार कोण हिच्यात?"

"नवरानवरी."

मास्तरांनी पेचकस भिंतीवर भिरकावला. "घेऊन जा ही गाडी! तुमच्या बाबानं जपली, तुमी दोघा बहीणभावानं सडवली. अन् आता पोरीले बसवून राहिले तिच्यात!"

मलाही राग आला. बाबांची आठवण काढून बोलण्याचा याला काय अधिकार? आम्ही गाडी दुसऱ्या गॅरेजात दिली. वीस दिवसांत ती दुधासारखी पांढरी होऊन आली. खाली डांबरी शीट, वर नवी मॅट.

लग्नाच्या दिवशी, वरात निघायच्या बेतात, गाडीला झेंडूच्या माळा चढवून झाल्या होत्या. एवढ्यात मास्तर फाटकातून आत आले. त्या गॅरेजवाल्याकडूनच त्यांना दिवस कळला होता. कुणाला काही न विचारता त्यांनी मागचं दार उघडलं, मॅट फेकून दिली आणि जिथं रेवतीचे पाय टेकणार होते, तिथं जोरात पाय आपटला. शीट फाटली. मास्तरांचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला आणि रक्ताळून वर आला.

पाहुण्यांसमोर दादानं त्यांची कॉलर धरली. "निघा इथून!"

"मारा ना," मास्तर म्हणाले. "पण आधी पोरीले दुसऱ्या गाडीत बसवा."

रेवती व्याह्यांच्या गाडीतून गेली. दादा तेव्हापासून त्यांचं नाव काढत नाही.

आठवड्यानं मी भांडायलाच त्यांच्या शेडमध्ये गेले. आदल्या रात्री फोन करून सांगता आलं नसतं का? आमच्या मुलीच्या लग्नात तमाशा काहून केला?

"सांगतलं असतं तर आयकलं असतं?" ते म्हणाले. मग बराच वेळ एकाच जागी पॉलिश पेपर घासत राहिले आणि वर न बघता बोलायला लागले.

पूर्वी ते कळमेश्वरच्या एका कारखान्यात रंगारी होते. उंचावरच्या चालायच्या जाळीला गंज लागला होता. तपासणी तोंडावर होती. मास्तरांनी साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, रंग मार. तिसऱ्या दिवशी त्याच जाळीतून त्यांचा जोडीदार नामदेव खाली पडला आणि गेला.

"रंग माह्या हातचा होता, ताई. चौकशीत लिहिलं, नामदेव दारू पिऊन होता. मले म्हणे, सही कर. घरी दोन पोरी होत्या. मी केली." हातातला पेपर फाटला होता, तरी ते घासतच होते. "थेंब पीत नव्हता तो."

"त्याच्या बायकोला हे माहीत आहे?"

"नाई."

माझा राग तेव्हा खरा पेटला. आमच्या मांडवात येऊन धाडकन पाय आपटणारा हा माणूस त्या बाईच्या दारात इतकी वर्षं गेला नव्हता! मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. मी निघताना ते एवढंच म्हणाले, "गाडी आणून द्या."

चार महिने त्यांनी गाडी केली. खालचा सगळा पत्रा बदलला. दारांच्या आत, उंबऱ्यांच्या पोकळीत, जिथं कुणी कधी पाहणार नाही तिथं गंज रोखणाऱ्या मेणाचा फवारा मारताना त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. गाडी तयार झाली त्या सकाळी ते धुतलेला सदरा घालून माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "पारशिवनीले घ्या."

नामदेवची बायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मास्तर उभ्यानंच बोलले. सगळं बोलले. सहीचंही. तिनं ऐकून घेतलं. हात थांबले तेवढेच.

"माह्या पोरीची सोयरीक मोडली त्या दारूच्या नावानं," ती म्हणाली. "तवा कुठं होता तू?"

ती आत गेली, वही आणि पेन घेऊन आली. "लिहून दे."

मास्तरांनी भिंतीला वही टेकवून लिहिलं, सही केली. तिनं एकेक शब्द वाचला आणि वही परत केली. "तो पीत नव्हता, हे नाई लिहिलं. लिही."

त्यांनी लिहिलं.

"आता मोठ्यानं वाच."

मास्तर वाचू लागले. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली, कुंपणाशी उभी राहिली. वाचून झाल्यावर तिनं त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मास्तरांना म्हणाली, "हे आत्ता आले. पयल्यापासून वाच."

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.