वहिनीच्या मानेवरच्या रेषा

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. घरात विषय निघाला की चप्पल घालून बाहेर पडायचो. परवा नातीच्या साखरपुड्यात कुणीतरी पुन्हा तेच बोललं, ‘मोठ्या आजी भारी हट्टी. शेकाच्या खुणा स्वतःच धुऊन टाकल्या आणि जिवाला मुकल्या.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. हे खोटं आहे. मोठ्या आजी म्हणजे माझी वहिनी, आणि तिच्या खुणा मी पुसल्या.

सत्तरच्या दशकात आम्ही लकडगंजात दोन खोल्यांत राहत होतो. आई लहानपणीच गेली, मला वहिनीनं वाढवलं. दादा रेल्वेत, अर्धा महिना बाहेर. वहिनी सकाळ-संध्याकाळ दातांना गुडाखू लावायची. तंबाखूची ती काळी डबी कोपऱ्यावरून मीच आणून द्यायचो. गालात फोड आली, तेव्हा दाताच्या डॉक्टरनं दोन दाढा उपटल्या. पुढे मानेत गाठ आली आणि मोठ्या इस्पितळात कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, ‘बाईंना कळू देऊ नका.’ याचा मला आजही संताप येतो. गाल तिचा, मान तिची आणि कळायचं आम्हाला! आम्ही तिला सांगितलं, दाढेचं दुखणं मानेत उतरलंय.

‘दाढेसाठी एवढी मोठी मशीन?’ ती म्हणाली. ‘मले काय येडी समजता?’

रोजचा शेक, म्हणजे मशीनच्या किरणांचा उपचार, सुरू झाला. गालावर आणि मानेवर जांभळ्या शाईच्या रेषा आखल्या होत्या. मशीन त्या रेषांवर धरायची, म्हणून तिथं तेल-साबण लावायचं नाही अशी ताकीद होती. भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी ती मान ताठ धरून आंघोळ करायची. शेजारणींनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. ज्या बाईनं त्यांची बाळंतपणं काढली, तिचा कप त्यांनी वेगळा ठेवला! मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचो. मी स्वतः काय केलं, ते आता ऐका.

तिसऱ्या आठवड्यात मुलीकडचे आमचं घर पाहायला येणार होते. स्थळ वहिनीनंच माझ्यासाठी शोधलेलं. त्या दिवशी सकाळी मी खोबरेल तेलाची वाटी आणि फडकं घेऊन तिच्यापुढे बसलो.

‘काहून गा, काय करून राहिला?’

‘पाहुण्यांना दिसेल वहिनी. एका दिवसाचा प्रश्न आहे. पुन्हा आखून घेऊ.’

‘डॉक्टरनं नाही म्हटलं ना?’

‘पदर कितीदा सावरशील? आणि त्यांनी विचारलं तर?’

ती मान वळवून म्हणाली, ‘पुस मग. पण हळू, कातडी जळली आहे माही.’

मी पुसल्या. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी दटावलंही नव्हतं. शाई सहज निघेना, म्हणून मी जोर लावला. ती एकदाही ‘आई गं’ म्हणाली नाही. पाहुण्यांना तिनंच पोहे दिले.

एका दिवसाचे बारा दिवस झाले. मुलीकडचे पुन्हा येणार होते, मग सुपारी फुटायची होती. दादाला मी कळवलं, शेक चालू आहे.

सगळं ठरल्यावर तिला घेऊन गेलो. मशीनवरचा माणूस सगळ्या रांगेसमोर ओरडला, ‘रेषा कुठं गेल्या? इतके दिवस कुठं होता? अडाणी बायका, आम्ही मरमर करायची अन् तुम्ही घासून काढायचं!’

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, ‘मीच धुतल्या जी. आंघोळीत.’

मी उघडलेलं तोंड मिटलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘मधले दिवस गेले, ते आता भरून निघत नाहीत.’ रेषा पुन्हा आखल्या. गाठ आधी निम्मी झाली होती, ती परत वाढली. त्या बारा दिवसांमुळेच वहिनी गेली का, हे मला कुणी खात्रीनं सांगितलं नाही. पण दादाला, नातेवाइकांना, पुढे माझ्या बायकोलाही मी तेच सांगितलं, जे वहिनीनं त्या रांगेत सांगितलं होतं.

शेवटी तिची वाचा गेली. ती पाटीवर लिहायची. माझ्या लग्नानंतर आठव्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो, तेव्हा ठरवून आलो होतो. ‘वहिनी, त्या रेषा...’ एवढं बोललो. तिनं मला हातानं थांबवून पाटीवर लिहिलं, ‘सूनबाई जेवली का?’

मी म्हणालो, ‘जेवली.’ आणि पाटी पुसून तिच्या हातात परत दिली.