मंगळसूत्र काढून त्या खुर्चीत

अनसिंगजवळ आमची भाजीची वाडी आहे. त्या साली मी मेथीच्या वाफ्यात नुसती बसून राहायची. हातात विळा असायचा, पण जुडी बांधावीशी वाटायची नाही. रडूही येत नव्हतं. गोळ्या बदलून बदलून झाल्या. शेवटी अकोल्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुंबकाच्या मशीननं मेंदूला चालना देऊन बघू. भूल नाही, शॉक नाही. तुम्ही जाग्याच असाल."

मी अकोल्यात बहिणीकडे राहून रोज जायला लागले. अंगावर धातू चालत नसे, म्हणून कानातलं, मंगळसूत्र काढून खुर्चीत बसायचं. डोक्याच्या डाव्या बाजूला मशीन टेकवलं की टकटक सुरू व्हायची, कपाळ ठणकायचं, पापणी फडफडायची. मग उठून घरी. बरेच दिवस काहीच फरक वाटला नाही.

एक दिवस मी मंगळसूत्र काढून बाहेर नंबरची वाट बघत बसले होते, तेव्हा नवऱ्याबरोबर माझे भासरे, त्याचे थोरले भाऊ, तिथं येऊन धडकले. माझा मोकळा गळा पाहिला आणि सगळ्या पेशंटांसमोर ओरडले, "नवरा जिता असून गळा उघडा? अन् डोक्यात करंट घेऊन राह्यली! येडी करून टाकतीन तुले. चाल घरी!"

लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. नवरा खाली चपलांकडे बघत उभा. मी उठून उभी राहिले.

"भाऊजी, मी वाफ्यात मुडद्यावानी बसत होती, तवा तुमी कुठी होते? तवा नाही दिसली मी? मी नाही येत. जा तुमी!"

ते पाय आपटत गेले. मी नवऱ्याला विचारलं, "तुमी काहून मुके झालते?"

"दादा मोठा आहे," तो म्हणाला. आजही तेवढंच म्हणतो.

आत गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राग आला ना तुम्हाला? याआधी कधी आला होता?" मला आठवेना.

उपचार मी पुरा केला. हळूहळू भूक लागली, झोप लागली, हात चालायला लागले. गोळ्या अजून आहेत. गावात मात्र म्हणतात, मशीननं बाई चिडकी झाली.

यंदा भासऱ्यांची सून खाटेवरून उठेना. मी दारात गेले तर भासरे म्हणाले, "तुह्या त्या डॉक्टरचं नाव काढू नको इथं." सून आतून माझ्याकडे बघत होती. मी तिथूनच तिच्या माहेरी, मानोऱ्याला फोन लावला, भासऱ्यांना ऐकू जाईल असा. तिचा भाऊ आला आणि तिला अकोल्याला घेऊन गेला.

भासरे आता माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.